मागच्या तारखेला काय छापायचं?

तारखेला आमच्या उंब्रजकराइतका जीव लावणारा माणूस सातारा-सांगली भागात दुसरा नसेल, अगदी पंचांगवाले धरूनसुद्धा. विश्रामबागेतल्या ऑफिसात आम्ही दोघं शेजारी बसून प्रोग्रॅम लिहितो. संगणकाच्या भाषेत तारखेचा एक तयार क्लास, म्हणजे साचा, असतो. सारं जग तो मुकाट्यानं वापरतं. याला तो पसंत नव्हता. "नुसतं आकडं. ह्यात आपला बैलांचा बेंदूर कुठं हाय?" म्हणून त्यानं त्या क्लासापासूनच स्वतःचा वेगळा क्लास काढला. मोजणी मूळचीच ठेवली, बोलणं मात्र आपल्या आईचं. त्याची तारीख "बाजाराच्या आदल्या दिवशी" किंवा "बेंदराला चार दिवस राहिले" अशी छापून यायची. एकदा हा क्लास चुकून एका दवाखान्याच्या प्रोग्रॅमात गेला आणि पेशंटांच्या चिठ्ठ्यांवर "पुढची तपासणी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी" असं उमटलं. साहेबांनी दोघांनाही फैलावर घेतलं, माझा काडीचा संबंध नसताना. पण सांगायचं म्हणजे, त्या दिवशी एकही म्हातारं माणूस चुकलं नाही. तरुण तेवढे फोन करत बसले.

हे सगळं खूळ आईपायी होतं. उंब्रजला एकट्या राहणाऱ्या त्या माउलीला वार कळेनासे झाले होते. पोरगा शनिवारी येतो एवढंच लक्षात राहायचं, म्हणून ती रोजच उन्हात फाट्यावर जाऊन बसायची. मग यानं तिच्या ओट्याजवळ एक छोटा स्क्रीन लावला. रोज सकाळी मोठ्या अक्षरांत यायचं, "आज बाजार. मी यायला दोन दिवस राहिले." ती वाचायची आणि घरी थांबायची.

त्या क्लासात एक खोट होती. होऊन गेलेल्या तारखेला तो काहीच छापायचा नाही. मी टोकलं तर म्हणाला, "मागचं समदं आईला ठावं हाय गड्या. तिला फुडचंच सांगाय लागतं." अशा माणसाशी वाद कोण घालणार?

गेल्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी ती गेली. बुधवार होता. स्क्रीनवर "मी यायला तीन दिवस राहिले" तसंच होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

परवा वर्षश्राद्ध उरकून तो आला, खुर्ची माझ्याकडं ओढली आणि आई गेल्याची तारीख त्या क्लासाला दिली. कोरी ओळ आली. त्यानं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

"मागच्या तारखंला काय छापायचं, तेवढं तू लिही रं. माझ्याच्यानं हुईना."

चार ओळींचं काम आहे. मी रोज ती फाईल उघडतो, "आई जाऊन" एवढं लिहितो आणि पुसतो.