माझ्या नावानं विकलेली रोपं

डोळा भरायचा चाकू, पाण्याची झारी, रोपवाटिकेचं कुंपण आणि जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरून केलेली कलमी रोपं, हे सगळं मी कुणाकडे न शिकता माझ्या हातानं केलं. म्हणून मंडळी, आज चौकातल्या या फळ्यावर संतापानं लिहून राहिलो.

सकाळी सौंसरच्या बाजारात एक जण माझं नाव सांगून रोपं विकत होता. रामाकोन्याच्या शांताबाईनं दोन जुड्या घेतल्याही होत्या. मी बुंधे पाहिले. डोळा भरल्याची खूणच नाही, नुसती जंबेरी! पाच वर्षं राबून बाईला आंबट जंबेऱ्या मिळाल्या असत्या आणि मला शिव्या.

तो म्हणतो, "भाऊ, नावच तं घेतलं. तुमचं काय गेलं?"

शांताबाई कडाडली, "मेल्या, याच्या नावावरच तं मी पैसे देल्ले!"

दंड संहिता मी स्वतः वाचली आहे. दुसऱ्याचं नाव सांगून फसवणं हा दफा ४१६ चा गुन्हा. दफा ४१९ प्रमाणे शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बगिचा उभा राहायला पाच वर्षं लागतात. तुम्हीच सांगा, हे माप बरोबर आहे?

मी त्याला पोलीस ठाण्यावर नेलं. दारात तो कानाशी लागला, "रिपोट नका देऊ, नाव भाड्यानं द्या." मी तसाच आत गेलो आणि रिपोट दिला. नावाचं भाडं देत होता दर हंगामाला दोन हजार रुपये.