मुनीराची चोरी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. हजला गेले तेव्हा तिथेही नाही — तिथे माणूस सगळं ओकून मोकळं होतं म्हणतात, मी मात्र बारीकसारीक पापं आठवत बसले आणि हे तसंच पोटात ठेवून परत आले. आता सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

तसं म्हटलं तर मुनीराची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. मुलांना, सुनांना, लग्नघरात कांदे चिरत बसलेल्या बायकांना. कुवेतला माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती आणि तिनंच आमच्या घरात चोरी केली — अशी सुरुवात करायची मी. बायका चुकचुकतात. मी डोळे पुसते. आणि ते पाणी खोटं नसतं हो! विश्वासघात झालेल्या माणसाचं दुःख मला इतकं छान जमतं की कधी कधी मलाच वाटतं, झालं असेल तसंच. सवय, दुसरं काय?

आम्ही दाभोळच्या खाडीकाठचे. बाबा जहाजावर नोकरीला लागले, कुवेतला उतरले आणि साहेबलोकांच्या एका क्लबात सिनेमा दाखवणारे ऑपरेटर झाले. पन्नासचं दशक सरत आलं होतं. शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यात एका कुवेती घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. खाली मालकांचं बिऱ्हाड, मधे अंगण. मी अकरा वर्षांची. मालकांची मुलगी मुनीरा बारा वर्षांची, हातात सोन्याच्या बांगड्या, सरकारी शाळेत जाणारी. माझी चप्पल सुतळीनं बांधलेली. आमची मैत्री कशी झाली म्हणता? सिनेमामुळे. तिच्या घरात मुलींना सिनेमा बघायची सोय नव्हती, आणि माझा बाप तर सिनेमावालाच.

बाबांची कामाची एक रीत होती. खेळ झाला की अख्खी फिल्म बोटांच्या चिमटीतून सोडायची. जिथे कड फाटलेली लागेल तिथे चित्राची एखाददुसरी चौकट कापायची, कडा खरवडायच्या, फिल्म चिकटवायचं नाकाला झोंबणारं सिमेंट लावायचं आणि सांधा दाबून धरायचा. क्लबातली खोली दुपारी भट्टीसारखी तापायची, म्हणून हे काम ते घरी आणत. कापलेला प्रत्येक तुकडा डबीत जपून ठेवायचे. तो रिळाबरोबर सिनेमाच्या कंपनीकडे परत जायचा, तसा नियमच होता. बाबा जेवून आडवे झाले की आम्ही दोघी फिल्म खिडकीच्या उजेडात धरायचो आणि भिंगातून एकेक चौकट बघायचो. खालची बारीक इंग्रजी अक्षरं मी वाचायची, मोडक्यातोडक्या अरबीत सांगायची. क्लबातल्या यंत्राजवळ बसून मी तो सिनेमा आधी पाहिलेला असायचा, म्हणून मधलं हलणं-बोलणंही मीच करून दाखवायची. मुनीरानं अख्खे सिनेमे असे माझ्या तोंडून पाहिले.

त्यातला एक लहान मुलांचा होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाच्या देशातला. बाबा नुसतं 'नॉर्वेकडचा' म्हणायचे. पाद्र्याची मुलगी आणि चिंध्या गोळा करणाऱ्याचा मुका मुलगा. गावात कुणाला त्यांची दोस्ती पसंत नाही. एकदा गोठलेल्या तळ्यात बर्फ फुटतं, दोघंही पडतात, कशीबशी बाहेर येतात. मग शेगडीपुढे एकाच घोंगडीत गुरफटून बसतात, ओली, उघड्या खांद्यांची, आणि हसत सुटतात. त्या हसण्यापाशी मुनीरा थांबली. भिंग सोडेचना. पुन्हा दाखव, पुन्हा दाखव. म्हणाली, "ह्या आपण दोघी."

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेतली.

पाच चौकटी. कापल्या, कडा खरवडल्या, सिमेंट लावून जोडलं — बाबांचं बघून बघून येत होतं मला. तुकडा मुनीराच्या मुठीत दिला. कुणी दिला ते सांगणार नाही, अशी तिनं शपथ घेतली. मी मागितली नव्हती. मला काय वाटत होतं तेव्हा? राणी असल्यासारखं वाटत होतं. मालकाच्या लेकीला देता येईल असं माझ्याकडे काहीतरी होतं.

संध्याकाळी बाबांच्या बोटांना तो सांधा लागलाच. हा कुणी केला? मी म्हटलं, क्लबातच तुटलं असेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांधा नीट केला.

चार दिवसांनी मुनीराची आत्या जिना चढून वर आली. विधवा होती, घर तिच्या शब्दावर चालायचं. आमच्या खोलीत तिनं त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मुठीत ती पट्टी, मागे मुनीरा. शाळेच्या वहीत सापडली म्हणाली. उजेडात धरून पाहिलं तर काय — मुलगा नि मुलगी, उघडी, एका पांघरुणात! हे असलं आमच्या पोरीला कुणी दिलं?

अम्मानं माझा दंड धरला. "खरा सांग गो, तू दिलंस काय?"

आता तुम्ही म्हणाल, घाबरली असेल पोर. बापाची नोकरी जाईल, घर जाईल, म्हणून बोलली असेल. मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगितलं. पण नोकरीबिकरी माझ्या मनातसुद्धा आली नाही. बाबांसमोर माझं चार दिवसांपूर्वीचं खोटं उघडं पडेल, एवढंच आलं. मी त्यांची हुशार, शहाणी मुलगी होते ना! मी म्हटलं, "नाही. मी पाणी आणायला गेले होते, तेव्हा डबीतून तिनं घेतलं असेल."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाणी कशाला आणलं मी त्यात? डबी कशाला आणली? इतकं नीटनेटकं, साळसूद खोटं, जागच्या जागी, अकरा वर्षांच्या पोरीनं.

आत्यानं मुनीराला विचारलं. मुनीरा माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. तिला बहुतेक वाटत होतं की माझं बोलणं अजून संपलेलं नाही, पुढचं वाक्य यायचंय. मग म्हणाली, "हो. मी घेतली."

पट्टी परत मिळाली, रीळ वेळेवर गेलं. बाबांच्या नोकरीला काही झालं नाही. मुनीराची शाळा मात्र त्या आठवड्यात बंद झाली. वाईट चित्रं आणि चोरी, दोन्ही तिथेच शिकली असं ठरलं. अंगणात खेळणंही बंद. मी जिन्यातून उतरले की खालचं दार लागायचं. पुढे आम्ही दुसऱ्या मोहल्ल्यात, बनेद अल-गारला राहायला गेलो, तोवर तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. कुणाशी, कुठे, मी विचारलं नाही.

पण मी सांगायला बसले ते हे नाही. एवढं तर कदाचित कुणाला सांगूनही टाकलं असतं — लहान होते, खोटं बोलले, संपलं. राहिलंय ते वेगळंच.

शाळा बंद झाल्यानंतरच्या शुक्रवारी आत्या पुन्हा वर आली. डोक्यावर खजुराची परात, बरोबर मुनीरा. भाडेकऱ्याच्या दारात त्या मानी बाईनं मान खाली घातली आणि आमच्या मुलीनं तुमच्या घरातली वस्तू उचलली म्हणून अम्माची माफी मागितली. अम्मा ओशाळली, चहा ठेवायला धावली. बाबा खिडकीशी उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. मग आत्यानं मुनीराला पुढे ढकललं. तिकडे माफी मागायची ती समोरच्याच्या डोक्यावर ओठ टेकवून. थोरामोठ्यांना देतात हा मान, भाडेकऱ्याच्या पोरीला नव्हे. मुनीरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. हलक्या आवाजात म्हणाली, "मला माफ कर."

तेव्हाही वेळ होती. एक शब्द पुरला असता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला — हेच ते, जे मी कुणाला सांगितलं नाही — मला बरं वाटत होतं. माझ्यावर अन्याय झालाय आणि मी मोठ्या मनाची आहे, असं अगदी खरोखरचं वाटत होतं. "केलं," मी म्हटलं.

ती माझ्याहून बुटकी होती. तिचे ओठ पोचावेत म्हणून मी डोकं जरा खाली वाकवलं.