फ्रीडाने घासलेलं रिव्हॉल्वर

आमचा शेजारी गॉटहिल्फ हेफेले जुनी पोलिसी रिव्हॉल्वरं जमवायचा. कैसरच्या काळातली, आपली जर्मन, जाडजूड, मुठीच्या टोकाला दोरी ओवायची कडी असलेली. माणूस सुतार, आणि जन्मात कधी ससासुद्धा मारलेला नाही. मी एकदा विचारलं, "अरे, एवढी हत्यारं घेऊन करतोस तरी काय?"

"बघत बसतो. तू नाही का चर्चमध्ये बायकांकडे बघत बसत, ऑयगन?"

खरं तर त्याचा जीव हत्यारात नव्हताच, रंगात होता. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी कमरेला राहून लोखंडावर जी तपकिरी झाक चढते ना, तिच्यासाठी तो वेडा. "हा त्या शिपायाचा घाम आहे," म्हणायचा. आणि तरुणपणापासून त्याला एकच ध्यास. आपल्या खोऱ्यातल्या पोलिसांची अक्षरं मुठीवर ठोकलेलं एक तरी मिळावं. केस पांढरे झाले तेव्हा मिळालं. शुक्रवारी घरी आलं, आणि रविवारी ते बघायला शहरातून डॉक्टर केस्टलिन येणार होते. जमवणाऱ्यांमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

शनिवारी सकाळी गॉटहिल्फ ते स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवून डोळे भरून बघत होता. एवढ्यात माझी गाय अडली. मी कुंपणावरून हाक मारली, तसा कुलपाचं कपाट वगैरे सगळं विसरून हा धावत आला.

आता शनिवार म्हणजे काय सांगू! आमच्या गावात शनिवारी मेलेला माणूससुद्धा उठून आपल्या थडग्यापुढचं झाडून घेईल. गॉटहिल्फच्या बायकोने, फ्रीडाने, रस्ता झाडला, जिना पुसला आणि ती स्वयंपाकघरात आली. बघते तर टेबलावर हे गंजकं लोखंड! आणि उद्या पाहुणा!

वासरू सुखरूप झालं, म्हणून आम्ही सफरचंदाच्या दारूचा एकेक पेला घ्यायला त्याच्याकडे गेलो. फ्रीडा गाल लाल करून उभी. हातात तारेची घासणी.

"बघ म्हाताऱ्या! चमच्यासारखं झालं की नाही?"

गॉटहिल्फ खुर्चीवर बसला.

"अरे, बोल की काहीतरी!"

"चमकतंय खरं," तो म्हणाला. मी तोंड उघडणार, तोच त्याचा सुताराचा बूट माझ्या पायावर पडला.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "एक शब्द बोललास तर कुंपण ओलांडू देणार नाही. लग्न झाल्यापासून तिने माझ्या रिव्हॉल्वरांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ऑयगन. आज पहिल्यांदा हात लावला."

रविवारी डॉक्टर आले. मसूर आणि श्पेत्झले, म्हणजे आमच्याकडच्या अंड्याच्या जाड शेवया, पोटभर जेवले, ताट बाजूला सारलं आणि रिव्हॉल्वर हातात घेतलं. चेहरा पांढराफटक.

"हेफेले! कुठल्या गाढवाने घासलं हे?"

फ्रीडा कॉफीची किटली घेऊन दारातच होती.

"मी," गॉटहिल्फ म्हणाला.

जमवणाऱ्याने हे कबूल करायचं म्हणजे पाद्र्याने चर्चची घंटा भंगारात विकली म्हणून सांगण्यासारखं. फ्रीडाने किटली धाडकन ठेवली.

"हा? या माणसाने घासलं? याने आजवर एक वाटी विसळलेली नाही, डॉक्टरसाहेब! मी घासलं. का? काय झालं?"

मी छताकडे बघत होतो. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग कपाटातल्या बाकीच्या तपकिरी रांगेकडे. आणि हळूच खाली बसली.

"तो रंग परत चढायला किती वेळ लागतो?"

"शंभर वर्षं," डॉक्टर म्हणाले. पण आवाज उतरला होता.

गॉटहिल्फने तिचा हात हातात घेतला. घासायच्या पावडरीचा वास अजून गेला नव्हता. "मग काय, आपल्याला जरा जास्त जगावं लागणार, फ्रीडा."

ते रिव्हॉल्वर कपाटात मधोमध असतं, लखलखीत. शनिवारी झाडून झालं की गॉटहिल्फ कुलूप काढतो. फ्रीडा हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि विचारते, "चढला का रे रंग?"

तो चष्मा लावतो, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघतो.

"थोडासा. इथे, कडीपाशी."

मीही बघतो. मला तर काहीच दिसत नाही. पण माझा पाय अजून दुखतो, म्हणून मी म्हणतो, "हो की!"