ताकाचे गाडगे

सुरतच्या रमणभाईने मला फसवले नाही. मी त्याला फसवले, आणि माझ्या सख्ख्या बहिणीलाही. नंदुरबारात आमच्या गल्लीतले उरलेले चार म्हातारे याच्या उलट सांगतील, कारण त्यांना उलट मीच सांगत आलो. खरे काय ते आजवर कोणालाच सांगितलेले नाही — बायकोला नाही, मुलाला नाही.

मी मिरचीचा व्यापारी. आधी हमाल होतो, मग दलाल झालो, मग स्वतःची पेढी काढली. मला कोणी हात धरून वर आणले नाही, आणि हे मी दिवसातून दोनदा तरी कोणाला ऐकवल्याशिवाय राहत नसे. मिरची पारखायची तर देठ मोडून तळहातावर चुरावी लागते. संध्याकाळपर्यंत हात लाल, बोटांच्या पेरांत आग. पाण्याने ती जात नाही, उलट पसरते. म्हणून मिरचीवाल्याच्या घरी ओट्यावर ताकाचे गाडगे असते. आधी ताकाने हात चोळायचे, मग पाणी. आमच्याकडे हे लहान मुलालाही माहीत. तुम्हीही लक्षात ठेवा — पुढे लागेल.

इंदू माझी धाकटी बहीण. बाविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. माझी बायको पहिल्या बाळंतपणापासून अंथरुणाला खिळलेली. मग घर कोणी चालवले? इंदूने. मी तिला ठेवून घेतले असे लोक म्हणत, आणि मी म्हणू देत असे.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मिरची घेऊन सुरतेला गेलो होतो. रमणभाईचे तिथे शोभेच्या माशांचे दुकान होते. काचेची एक टाकी मी त्याच्याकडून घासाघीस करून घेतली. तो हसत म्हणाला होता, "शेठ, तमे तो मने रडाव्यो." मला टाकीचे काय? जिंकल्याचे सुख होते. वर त्याने एंजल माशांची चार पिल्ले दिली — चपटी, काळ्या पट्ट्यांची, पंख वर-खाली लांब. घरी आणून इंदूसमोर ठेवली आणि विसरलो.

ती विसरली नाही. विहिरीचे पाणी जड म्हणून तिने रांजणात पावसाचे पाणी साठवले. माशांना खायला शेजारच्या गुरांच्या हौदातून फडक्याने डासांच्या अळ्या गाळून आणायची. बायका हसायच्या — "काय व इंदू, दुन्या डास मारस, तू पाळस?" तीही हसायची. परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसताना मी पाहिली. ते मला आवडले का? आवडले असे लिहिणार होतो. खरे तर मला ते खुपले.

चारांतले दोन जगले, मोठे झाले, त्यांची जोडी जमली. इंदूने टाकीत केळीच्या पानाची एक पट्टी उभी लावली, त्यावर मादीने अंडी घातली. पहिल्या खेपेला त्यांनीच ती खाल्ली. दुसऱ्या खेपेलाही. मग तिने टाकीला जुन्या लुगड्याचा पडदा केला, कोणी जवळ जायचे नाही असा नियम केला, आणि माझ्यासाठी वेगळा नियम — ताकाने हात धुतल्याशिवाय त्या खोलीत पाऊल नाही. रोज विचारायची, "हात धोयात का, भाऊ?" रोज! माझ्याच घरात!

तिसरी खेपही वाया गेली, आणि चौथ्या खेपेला जमले. पिल्ले पानाला चिकटून वळवळत होती आणि आईबाप त्यांना खात नव्हते. तोंडात अलगद धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेत होते. इंदूने रमणभाईला पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले.

ते तिच्या नावाने आले. माझ्या नाही.

मी फोडले. त्याने लिहिले होते की आईबाप स्वतः पिल्ले वाढवतात असे त्याच्याकडे कधी घडले नाही, सगळे अंडी खाऊन टाकतात. तो सोमवारी बघायला येतो. पिल्ले जगली तर बेनने जोडी घेऊन सुरतेला यावे, त्याच्या टाक्या सांभाळाव्यात, त्याच्या विधवा मावशीकडे राहावे, स्वतःच्या कमाईवर. सोबत अंड्यांना, पिल्लांना बुरशी लागू नये म्हणून निळ्या औषधाची बाटली. दोन थेंब, जास्त नाही.

पत्र तिला दिले. तिने दोनदा वाचले. सकाळी दोन थेंब मोजून टाकले.

शुक्रवारी दुपारी मी बाजारातून लवकर आलो. इंदू हौदावर गेली होती. ओट्यावर गाडगे भरलेले होते, मी ते पाहिले. हात धुवायला विसरलो — असे म्हणता येईल ना? तुम्ही मानलेही असते. पण विसरलो नव्हतो. मी गाडगे ओलांडून गेलो.

पडदा सारला. हात कोपरापर्यंत बुडवला. नर धावून आला, माझ्या बोटाला टोचे मारू लागला. एवढासा जीव, मला माझ्याच घरातून हाकलतो? मी पानावरून तळहात फिरवला. सावकाश. मग पडदा होता तसा केला.

तेव्हा मनात काय होते? ती गेली तर माझ्या अंथरुणाला खिळलेल्या बायकोचे कोण करील, भाकरी कोण थापील — हे होते. पण त्याच्याखाली दुसरेच होते. तिला मला न विचारता कोणी बोलावलेच कसे?

संध्याकाळी इंदू टाकीसमोर बसून होती. मासे मेलेली पिल्ले तोंडात धरून दुसऱ्या जागी नेत होते. पिल्ले खाली पडत होती. ते पुन्हा उचलत होते. मिरचीचा वास आला नाही का, असे विचाराल. आमच्या घरात मिरचीचा वास कोणाला येतो?

"मन्हाच हातनी मरनात, भाऊ," ती म्हणाली. "तीन थेंब पडी ग्यात व्हतीन."

मी म्हणालो, "त्या सुरतवाल्याने विष पाठवले."

रविवारपर्यंत जोडीही मेली. सोमवारी रमणभाई गाडीतून उतरून मासे न्यायचा डबा घेऊन आला, तर मी त्याला दारातच गाठला आणि गल्ली गोळा केली. बाटली त्याच्या छातीवर आपटून ओरडलो, "याचा जबाब कोण देईल? बोल, कोण देईल?" त्याने बाटली उघडली, औषध स्वतःच्या जिभेवर घेतले, आणि निळी जीभ सगळ्यांना दाखवत उभा राहिला. लोक हसले.

तेवढ्यात दाराआडून इंदू बोलली. "त्यास्नी चुकी नई शे. मन्हा हातनी चुकी शे."

हसणे थांबले. रमणभाई हळूच म्हणाला, "बेन, मारे त्यां तो चार वार मरी गयां. फरी थशे." पुन्हा होतील, असे तो म्हणत होता; तिने नकारार्थी मान हलवली. माझ्या हातात हे बसत नाही, म्हणाली. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायचे होते, एवढेच.

तो रिकामा डबा घेऊन परत गेला. पुन्हा पत्र आले नाही. टाकीत इंदूने धान्य भरले. ती आणखी एकतीस वर्षे माझ्या घरात राहिली. अळी सोडा, मुंगीलाही हात लावायला ती कचरायची. माझ्या नातवंडांना कधी तिने मांडीवर घेतले नाही. माझ्या हाताला यश नाही, म्हणायची. मी समोर बसून जेवत असे.

मासे नव्हते, तरी ताकाचे गाडगे तिने एक दिवस चुकवले नाही. तिला कळले होते का? मी विचारले नाही. गेल्या पौषात ती गेली. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता.

गल्लीत मी ओरडून विचारले होते, याचा जबाब कोण देईल. जबाब देणारा तेव्हा तिथेच उभा होता, लाल हातांचा. त्यानेच द्यायचा आहे. ऐकणारी आता नाही.