बायजाबाईचा अंगठा

धम्मदिनाने नवऱ्याच्या डब्याची भाजी नुकतीच फोडणीला टाकली होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल सोडून दार बडवणारं माणूस तिच्या ओळखीत एकच: वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून पहिल्या एसटीने भिवंडीत येणारी, ओले काजूगर विकणारी बायजाबाई. पण आज डोक्यावर पाटी नव्हती, हातात नुसती पिशवी होती.

"ताई, मशीन बोलतं, ही बाय दुनियेत न्हायच!"

तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं काळवंडलेली, सालपटं निघालेली, खालची कातडी लाल, गुळगुळीत. महिनाभर ती काजूच्या ओल्या बिया चिरून गर काढत होती. रेशनच्या दुकानात तीनदा अंगठा टेकवला, तीनदा मशीनने नाकारला. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर कार्डावरचं नाव कटेल, असं दुकानदाराने बजावलं होतं.

"शाला शिकली न्हाय, अंगठाछाप ऱ्हायली. आता अंगठाबी पुसला. मंग मी कोन?" बायजाबाई स्वतःवरच खो खो हसली.

धम्मदिना वनस्पतिशास्त्राची पदवीधर. असा विषय समोर आला की तिच्यातली कॉलेजकन्या जागी व्हायची. "अगं, सालीत जहाल तेल असतं, ते कातडी जाळतं. हाताला खोबरेल लावावं, राख चोळावी, हातमोजे घालावेत."

"त्याल लावतंय, राखबी लावतंय. मोजं घातलं तं बी हातातनं पलते. तू दाव ना करून!"

पिशवीत पाच-सहा बिया होत्याच. धम्मदिनाने भांडी घासायचे मोजे चढवले. पहिली बी निसटून फ्रिजखाली गेली. मोजे उतरले. दुसरीच्या गराचे तीन तुकडे झाले. तिसरीच्या वेळी घाम आला, तो तिने त्याच हाताने पुसला. चहा होईस्तोवर गाल चुरचुरू लागला आणि भाजी करपली ती वेगळीच.

"तुजी कॉलेजची चामडीबी जलते गं," बायजाबाईने तिचा गाल साबणाने धुऊन वर खोबरेल लावलं.

आरशात लाल पट्टा बघताना धम्मदिनाला आठवलं. रविवारी नणंद येणार म्हणून तिने बायजाबाईला दोनशे गर सांगितले होते, तेही "सोललेलेच हं, मला वेळ नसतो" असं ऐटीत. गालाहून जास्त तेच झोंबलं. मग तिने एका दमात मलम, डॉक्टर, तहसीलदारांना अर्ज, सगळं देऊ केलं.

बायजाबाईने मान हलवली. "अर्ज कशाला? हात कामातनं सुटा ऱ्हायला का चामडी येल, मंग अंगठा लागंल. पन तुला गर द्याचा सबूद दिलाय, म्हनून इचाराला आली. ताई, रविवारचं गर माज्याकडं मागू नको."