बाहेरच्या बाजूची गाठ
नव्या बुटांच्या रबराचा वास आला की मला खोपट भागातलं ते बुटांचं दुकान आठवतं. आमचा फुटबॉल क्लब बंद पडून दहाएक वर्षं झालेली आणि मी ऑफिससाठी बूट घ्यायला गेलेलो. दुकानातला माणूस खाली बसून लेस बांधत होता. गाठ त्याने पायाच्या बाहेरच्या बाजूला सारली, किक मारताना मध्ये येऊ नये तशी, आणि मी वाकून त्याचा चेहरा पाहिला. अशी गाठ फक्त आमचे कोच बांधायचे, ज्यांच्या शिट्टीला आम्ही सगळे टरकून असायचो. "सर, तुम्ही? अहो, उठा ना!" मी ओरडलोच. त्यांनी दुसरा बूट पुढ्यात ओढला. "अरे, प्रत्येक मॅचआधी मीच बांधायचो की! तेव्हा कधी उठवलं नाहीस." तेव्हापासून कुठल्याही दुकानात मी कुणाला माझ्या पायाशी बसू देत नाही.