तीनशे एकोणिसावं कार्ड

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि नियमित चिडतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, वडाखालचा म्हातारा, उलटे पाय... मला यातलं काही पटत नाही, पूर्वीही पटलं नाही. माझी सगळी नोकरी कॉम्प्युटरमध्ये गेली. यंत्राला जे द्याल तेच ते परत देतं, स्वतःच्या मनाचं काही घालत नाही — हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. आणि तरीही हे लिहायला बसलोय. डोकं तापलेलं आहे, तेव्हा भाषा कुठे घसरली तर सांभाळून घ्या.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. कोल्हापुरात कॉम्प्युटरचा पदव्युत्तर कोर्स सुरू झाला आणि मी त्याच्या अगदी सुरुवातीच्या बॅचला होतो. कोर्स होता, पण कॉम्प्युटर नव्हता! हसू नका, खरं सांगतोय. विभागात एक कार्ड पंचिंगचं मशीन होतं, बस्स. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उमटवायची. असा कार्डांचा गठ्ठा तयार झाला की खोक्यात घालून एस.टी.नं पार्सल करून पुण्याच्या एका सेंटरला पाठवायचा. तिथे तो मोठ्या यंत्रातून जायचा आणि तीन-चार दिवसांनी गठ्ठा आणि छापील कागद दोन्ही परत यायचे. एका स्वल्पविरामाची चूक झाली की आठवडा गेला.

गठ्ठा हातातून पडला तर कार्डांचा क्रम लावता लावता रडू यायचं. म्हणून आम्ही सगळे एक युक्ती करायचो. कार्डं घट्ट धरून गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर स्केचपेननं एक तिरकी रेघ ओढायची. प्रत्येक कार्डाच्या कडेवर त्या रेघेचा एक ठिपका येतो. कार्डं विस्कटली की ठिपके जुळवत जायचं, क्रम आपोआप लागतो. माझी रेघ निळी, दस्तगीरची लाल.

दस्तगीर मंगळवार पेठेतला. त्याचे वडील भांड्यांना कल्हई लावायचे. वर्गात सगळ्यांत हुशार तोच — हे तेव्हा मला मान्य करायला जड जायचं, आता जात नाही. साखर कारखान्याच्या सभासदांना ऊसतोडणीची पाळी लावून देणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता. आमच्या प्रोजेक्टसाठी. त्या काळात प्रोग्रॅममध्ये आकडे साठवायच्या कप्प्यांना सहा इंग्रजी अक्षरांच्या आत नावं द्यावी लागायची. यानं दिली होती परात, तांब्या, डबा, ओगराळं... मी विचारलं, "असली काय रे नावं?" तर म्हणाला, "घरात हीच भांडी डोळ्यासमोर असत्यात. इसरत न्हाय."

माझा प्रोजेक्ट अर्धवट होता. सिनेमे बघण्यात दिवस गेले, दुसरं काही नाही. एक दिवस मी त्याला म्हटलं, "तुझा गठ्ठा बघायला दे की." त्यानं विश्वासानं दिला. दुपारी पंचिंगरूममध्ये कोणी नसताना मी मशीनला कॉपीवर लावलं आणि त्याची कार्डं एकेक करून उतरवून घेतली. तीनशे अठरा कार्डं. परात, तांब्या, सगळं तसंच. नावं बदलायचाही आळस केला मी. वर निळी रेघ ओढली, झाला माझा प्रोजेक्ट.

पकडलो जाणारच होतो. दोघांचे छापील कागद एकाच दिवशी सरांच्या टेबलावर गेले आणि आम्हाला केबिनमध्ये बोलावणं आलं.

सरांचं नाव लिहीत नाही, लिहायची त्यांची लायकी नाही. ते आमचे विभागप्रमुख. माझ्या वडिलांचं जयसिंगपुरात मिरचीचं आडत दुकान होतं आणि सरांची नि वडिलांची ओळख होती. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"कुणी कुणाचं घेतलंय?"

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. म्हणाला, "सर, त्येलाच सांगू दे."

मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो.

"याच्या वडिलांना मी ओळखतो," सर म्हणाले. "चांगल्या घरातला मुलगा आहे. आणि तू रे? तुझे वडील कल्हई लावतात ना?"

"व्हय सर."

"मग?"

मग काय? मग काय, हा प्रश्न मला आजही त्या माणसाची कॉलर धरून विचारावासा वाटतो! समोर कागदावर परात लिहिलंय, तांब्या लिहिलंय, ओगराळं लिहिलंय. शेंबड्या पोराला कळेल की हा प्रोग्रॅम मिरचीवाल्याच्या घरातला आहे की कल्हईवाल्याच्या. सरांनाही कळलं होतं, खात्रीनं कळलं होतं. पण त्यांनी निकाल दिला — दस्तगीरला तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. वर म्हणाले, "कुणाला काही लेखी द्यायचं असेल तर तोंडीच्या आधी द्या. नंतर काही ऐकणार नाही."

तोंडीला चार आठवडे होते. माझ्या चार ओळींनी दस्तगीरचा कोर्स वाचला असता. बाहेर आल्यावर तो एकच वाक्य बोलला, "चार आठवडे हाईत." आणि गेला. शिव्या तरी द्यायच्या ना! एक कानफटात मारली असती तर मी त्याच दिवशी लिहून दिलं असतं... असं म्हणायला सोपं आहे.

सरांनी मला तोंडीपर्यंत दर आठवड्याला नवी आकडेवारी घालून प्रोग्रॅम परत चालवायला सांगितला होता. मी गठ्ठा पाठवला. जाताना कार्डं मोजून विभागाच्या रजिस्टरात लिहायची पद्धत होती. तीनशे अठरा लिहिली, सही केली. गुरुवारी गठ्ठा आला. छापील कागदाच्या शेवटी यंत्रानं वाचलेल्या कार्डांची संख्या असायची. तिथे होतं तीनशे एकोणीस.

सगळ्यांत वर एक जास्तीचं कार्ड होतं. पहिल्या खान्यात 'सी' हे अक्षर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — 'सी' असलं की यंत्र ते कार्ड वाचतं, जसंच्या तसं छापतं, पण त्यावर काही करत नाही. ती नुसती माणसासाठी लिहिलेली टीप असते. त्या कार्डावर होतं, इंग्रजी अक्षरांत — "हा प्रोग्रॅम दस्तगीरचा".

माझं टाळकं सरकलं. हा असा सूड घेतोय? चोरून माझ्या खोक्यात कार्ड घालतोय? मी ते फाडलं, तुकडे घरी नेऊन आंघोळीच्या बंबात घातले. पुढच्या आठवड्यात गठ्ठा स्वतः बांधला, सुतळीला गाठीवर गाठ मारली आणि खोकं स्वतः स्टँडवर कंडक्टरच्या हातात दिलं. सेंटरवर पोचलं तेव्हा गाठी तशाच होत्या, ट्रंककॉल लावून खात्री केली. परत आली ती कार्डं तीनशे एकोणीस. तेही जास्तीचं कार्ड बंबात गेलं.

मी तडक मंगळवार पेठ गाठली. त्याला तिथल्या तिथे बडवायचं ठरवूनच गेलो होतो. दुकानात त्याचे वडील भट्टीपुढे बसले होते. एका हातानं भाता ओढत, दुसऱ्या हातानं पातेल्यात कापूस फिरवत. नवसागराच्या धुरानं डोळे चुरचुरत होते.

"या पावणं, बसा की."

"दस्तगीर कुठाय?"

"चंदगडला गेलाय. त्येच्या मामाकडं, काजूच्या कारखान्यात. दोन आठवडं झालं. तुमी त्येच्या वर्गातलं का?"

मी हो म्हटलं. त्यांनी आतून चहा मागवला. तापलेलं पातेलं पाण्यात बुडवलं, चर्र झालं. ते बाहेर काढून माझ्यासमोर धरलं, आत चांदीसारखं लख्ख. मग म्हणाले, "परीक्षा पुढं गेली म्हनत हुता. मग तवर चार पैसं मिळवतो म्हनला. खरं का? तुमी सांगा की, कवा हाय परीक्षा?"

त्यानं बापाला काही सांगितलंच नव्हतं.

"अजून नक्की नाही," मी म्हणालो. चहा पिऊन उठलो. लाज वाटली का? वाटली, पण त्याहून जास्त राग आला. त्या म्हाताऱ्याच्या चांगुलपणाचा राग, दस्तगीरच्या गप्प बसण्याचा राग. आणि एक नवीनच प्रश्न डोक्यात शिरला — तो चंदगडला आहे, तर कार्ड कोण घालतंय?

तिसऱ्या आठवड्यात मी कुणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. सकाळी स्टेशनरीच्या दुकानातून हिरवं स्केचपेन घेतलं. आमच्या विभागात हिरवी रेघ कुणाचीच नव्हती. तीनशे अठरा कार्डं दोनदा मोजली, निळ्या रेघेशेजारी हिरवी रेघ ओढली, रबर लावला, खोकं मांडीवर घेऊन पुण्याच्या गाडीत बसलो. कराडला चहालासुद्धा उतरलो नाही. संध्याकाळी सेंटरवर पोचलो आणि माझ्या हातानं गठ्ठा ऑपरेटरला दिला. तो माझ्या डोळ्यांदेखत यंत्रावर ठेवला गेला. कार्डं खडखडत गेली. दोन-तीन मिनिटांत कागद बाहेर आला.

पहिली ओळ — "हा प्रोग्रॅम दस्तगीरचा".

मी त्या ऑपरेटरवर असा काही ओरडलो की आतले साहेब बाहेर आले. ऑपरेटर शांतपणे गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "अहो, पहिल्या कार्डावर तुमचीच रेघ आहे. आणि मला काय विचारताय?"

होती. जास्तीच्या त्या कार्डाच्या कडेवर, कोपऱ्यात, माझ्या हिरव्या रेघेचा ठिपका होता. रेघ जिथून सुरू व्हायला हवी, बरोब्बर तिथे. निळा ठिपका नव्हता, फक्त हिरवा. म्हणजे सकाळी मी रेघ ओढली तेव्हा ते कार्ड गठ्ठ्यात होतं. आणि सकाळी मी दोनदा मोजली होती ती तीनशे अठराच होती.

आता खाली प्रतिक्रिया येतील. मोजणी चुकली असेल, मनाचा खेळ असेल, अपराधी भावना असेल. लिहा, खुशाल लिहा! ते छापील कागद माझ्याकडे आजही आहेत. मनाचा खेळ कागदावर छापून येत नाही.

चौथा गठ्ठा तोंडीसाठीचा. हिरव्या ठिपक्याचं ते कार्डसुद्धा मी त्यातून काढलं नाही, काही मोजलं नाही. दमलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद उलगडला आणि चष्मा वर करून विचारलं, "हे दस्तगीर कोण?"

सर माझ्याकडे बघत होते. पंखा फिरत होता. "माझा वर्गमित्र. प्रोग्रॅम त्याचा आहे." — एवढी दोन वाक्यं. ओठांपर्यंत आली होती, शपथेवर सांगतो.

"पंचिंगची चूक आहे सर," मी म्हणालो.

"आणि हे परात, ओगराळं?"

"लक्षात ठेवायला सोपी नावं घेतली, सर."

परीक्षक हसले. सरही हसले. मला फर्स्ट क्लास मिळाला.

त्यानंतर गठ्ठा उघडला तर कार्डं तीनशे अठरा. हिरवी रेघ दुसऱ्या ठिपक्यापासून सुरू, पहिल्या ठिपक्याचं कार्ड गायब. कोर्स संपायच्या आधी मी तो गठ्ठा काही कारण नसताना आणखी दोनदा पुण्याला पाठवला. तीनशे अठरा गेली, तीनशे अठरा आली. दुसऱ्या वेळी मी स्टँडवरच खोकं फोडलं आणि फुटपाथवर बसून पहिल्या कार्डाकडे बघत राहिलो.

दस्तगीर मला बऱ्याच वर्षांनी कोल्हापूरच्या स्टँडवरच भेटला. केस पांढरे, हातात काजूच्या पिशव्या. चंदगडलाच राहिला होता. मी त्याला सगळं सांगितलं. केबिनपासून नाही, कार्डापासून. हिरवी रेघ, ऑपरेटर, सगळं. मला वाटलं तो थक्क होईल, निदान म्हणेल की बाबा, हे काय आक्रीत.

त्यानं ऐकून घेतलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चार येळा आलं म्हनतोस?"

"चार वेळा."

"मग तू काय केलंस?"

चंदगडची गाडी लागली होती. तो चढला, खिडकीशी बसला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते कार्ड कुठून आलं, मला माहीत नाही. माझ्या रेघेचा ठिपका त्यावर कसा उमटला, याचं उत्तर एवढी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढूनही माझ्याकडे नाही. सरांचा राग येतो, ते आता हयात नाहीत. त्या कार्डाचाही राग येतो, की चारदाच का आलं, थांबलं का. पाचव्यांदा आलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय.

खोटं आहे ते.